डाउवेचा जबडा

डॉक्टर: अजून थोडं उघडा. अजून. बस. आता हळूच मिटा.

यित्स्के: ऐकलंत? हाच तो आवाज. मी स्वयंपाकघरात असले आणि हा बाहेरच्या खोलीत, तरी मला ऐकू येतो. जेवताना तर शेजारी बसून कुणी अक्रोड फोडतंय असं वाटतं.

डाउवे: यित्स्के, त्यांना बघू दे.

यित्स्के: मी काय त्यांचा हात धरलाय?

डॉक्टर: बोलू द्या त्यांना, मला उपयोगच होतोय. पुन्हा एकदा, मिस्टर हूक्स्त्रा. माझी बोटं तुमच्या कानांपुढे आहेत, दाबत नाही. उघडा. हं. डावीकडे 'कट्' होतंय, उजवीकडे नुसती खरखर. आणि हनुवटी सरळ खाली जात नाही, डावीकडे वळते. आरशात पाहिलंत कधी?

डाउवे: दाढी करताना तोंड मिटलेलं असतं.

डॉक्टर: दुखतं कधीपासून?

डाउवे: फार नाही दुखत.

यित्स्के: अहो, खोटं बोलतोय. ह्याला इथवर आणायला मला तीन महिने लागले. बाउक्येच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांदेखत ह्याचं तोंड उघडंच राहिलं. केकचा घास आत, आणि हा असा आ वासून. नातवंडांना वाटलं आजोबा गंमत करतायत. सगळे हसले. ह्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा कुठे कळलं.

डाउवे: दोनच मिनिटं होतं ते.

यित्स्के: बाउक्येनं गाल चोळून चोळून मिटवलं म्हणून दोन. तिचा एक पाय खोटा आहे डॉक्टर, गुडघ्याखाली. तरी तीच आधी उठली.

डॉक्टर: हा निळा कागद दातांत धरा. चावा. चावा. आता उघडा... अरे बापरे. तुमचे पुढचे दात एकमेकांना लागतच नाहीत. सगळा भार मागच्या चार दाढांवर. पाव कसा खाता?

डाउवे: कापून.

यित्स्के: चौकोनी तुकडे करून. आणि सफरचंद किसून. लग्नापासून असंच. मला वाटायचं, ह्यांच्या घरची रीतच असेल.

डॉक्टर: आधी कुणाला दाखवलंत?

डाउवे: दोघांना. दोघांनीही दाढा घासून दिल्या. मग गेलो नाही.

डॉक्टर: का?

डाउवे: फार विचारतात.

डॉक्टर: काय विचारतात?

डाउवे: हेच. कधी झालं, कसं झालं.

डॉक्टर: मग मीही तेच विचारणार. हनुवटीखाली जुना वण दिसतोय. जबडा मोडला होता?

डाउवे: तरुणपणी.

यित्स्के: सत्त्याऐंशीच्या फेब्रुवारीत. मोटार कालव्यात गेली होती. तुम्ही फोनवर म्हणालात ना, जुने एक्स-रे असतील तर आणा? हे बघा, आणलेत.

डाउवे: ते हरवले होते.

यित्स्के: हरवले कुठले? पोटमाळ्यावर, तुझ्या आईच्या टेबलक्लॉथच्या खाली. लिफाफासुद्धा कुणी फोडलेला नाही.

डाउवे: आता काय उपयोग त्यांचा? सदतीस वर्षं झाली.

डॉक्टर: असं कसं? जबडा तोच आहे ना. थांबा, खिडकीशी धरते... हं. सांध्याची मान दोन्हीकडे मोडलीय, आणि हनुवटी मध्ये. म्हणजे फटका खालून बसला. मग ती हाडं थोडी आखूड होऊन जुळली, म्हणून दात असे बसले. तारेनं बांधलं होतं?

डाउवे: सहा आठवडे.

डॉक्टर: ह्यात चिठ्ठीही आहे. तुमच्या तेव्हाच्या डॉक्टरांना लिहिलेली, पोचलीच नाही वाटतं. 'पुरुष, वय चोवीस, मोटारचालक. हनुवटी स्टिअरिंगवर आपटली. छातीवर चाकाच्या आकाराचा काळानिळा वण, दोन बरगड्यांना तडा.' बरोबर, मलाही तेच वाटलं होतं. पट्टा न लावता गाडी चालवणारे...

यित्स्के: चुकलंय ते.

डॉक्टर: काय चुकलंय?

यित्स्के: चालक. गाडी हिल्के चालवत होता, ह्याचा धाकटा भाऊ. हा शेजारी होता.

डॉक्टर: असेल. घाईत लिहितात कधीकधी.

यित्स्के: मग तुमच्या कागदात नीट लिहा. हे कागद पुढे इस्पितळात जातात ना? त्या हिल्केनं माझ्या बहिणीचा पाय घेतलाय डॉक्टर, ते ह्याच्या नावावर जायला नको. सांग ना रे त्यांना.

डॉक्टर: हूक्स्त्रा, बरं वाटतंय ना?

यित्स्के: डाउवे?

डाउवे: पाणी मिळेल का थोडं?

डॉक्टर: हे घ्या. बाई, तुम्ही जरा बाहेर बसता? नीट तपासायचंय. पाच मिनिटं.

यित्स्के: मी कशाला बाहेर? इतका वेळ तर...

डॉक्टर: पाच मिनिटं.

*

डॉक्टर: गेल्या त्या. दार लावलंय. चुकून वाचून गेले मी मोठ्यानं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं.

डाउवे: तुमचा काय दोष?

डॉक्टर: मी पोलीस नाही. एका एक्स-रेवरून गाडी कोण चालवत होतं ते ठरवतही नाही. चिठ्ठी चुकलीय म्हणालात तर तसं लिहीन, आणि विषय संपला.

डाउवे: चुकलेली नाही.

डॉक्टर: बरं.

डाउवे: हे मी पहिल्यांदा बोललो. कुणाशीही.

डॉक्टर: पेला ठेवा खाली... मला जे येतं ते मी सांगते, चालेल? तुमच्या दाढा नुसत्या चावून इतक्या झिजत नाहीत. तुम्ही दिवसासुद्धा दात आवळून बसता. आत्ताही आवळलेत. गालाचे स्नायू दगडासारखे झालेत. मी वरच्या दातांवर बसणारी एक पट्टी करून देईन, कडक, पारदर्शक. मंगळवारी माप घेऊ. तोवर मऊ खा, जांभई आली तर हनुवटीला हाताचा आधार द्या. सांध्याचे नवे फोटो इस्पितळात काढू. आणि दाढा आता कुणाला घासू देऊ नका.

डाउवे: आवाज जाईल?

डॉक्टर: कदाचित पूर्ण जाणार नाही. दुखणं कमी होईल. तोंड अडकणं थांबेल असं वाटतं.

डाउवे: एवढं पुष्कळ झालं.

डॉक्टर: बाहेर बायको बसलीय तुमची.

डाउवे: हो. मला इथे दोन मिनिटं बसू द्या.

*

(दवाखान्यामागे, मोटारीत. किल्ली डाउवेच्या हातात आहे.)

यित्स्के: लाव ना किल्ली. घरी जाऊ.

डाउवे: गाडी मी चालवत होतो.

यित्स्के: लाव म्हणते ना.

डाउवे: यित्स्के.

यित्स्के: तू बेशुद्ध होतास. तुला काय आठवणार? डोक्याला मार बसला की माणसं काहीही मनाशी धरतात. आमच्या शेजारचा तो गवंडी नव्हता का, शिडीवरून पडल्यावर...

डाउवे: मला सगळं आठवतं. बाउक्येचा हिरवा कोट आठवतो. सायकलला पुढे टोपली होती, टोपलीत सुतळीनं बांधलेली पुस्तकं होती.

यित्स्के: पुस्तकांचं मीच सांगितलं होतं तुला.

डाउवे: तू सांगायच्या आधी मी पाहिली होती. बर्फावर स्केटिंग करून परत येत होतो आम्ही. तिथल्या टपरीवर मी तीन पेले कडू दारू प्यालो. हिल्के प्याला नव्हता. म्हणाला, किल्ली दे. मी दिली नाही. म्हटलं, थोरला मी आहे. पुलाच्या वळणावर गाडी सरकली, तिला उडवून बर्फ फोडत कालव्यात गेली.

यित्स्के: दुपार होती. भर दुपार.

डाउवे: हो.

यित्स्के: मग हिल्केनं का सांगितलं, मी चालवत होतो म्हणून? कुणी मारून मुटकून सांगायला लावलं त्याला?

डाउवे: त्याला वाटलं मी मेलो. आधी त्यानं बाउक्येला पाण्यातून काढलं, मग मला. मी हलत नव्हतो, तोंडातून रक्त जात होतं, दारूचा वास येत होता. पोलीस आला. हिल्केला वाटलं, मेल्यावर तरी भावाच्या नावाला डाग नको. म्हणून म्हणाला, मी चालवत होतो.

यित्स्के: आणि?

डाउवे: आणि मी जगलो.

यित्स्के: तोंड होतं ना तुला? तेव्हा सांगायचं होतंस.

डाउवे: तारेनं बांधलेलं होतं. चौथ्या दिवशी तो पोलीस खाटेशी आला. म्हणाला, भाऊ चालवत होता ना? बोलू नका, नुसती मान हलवा. तू तिथेच होतीस. माझा हात धरून बसली होतीस. आदल्या रात्री बाउक्येचा पाय कापला होता. तू म्हणत होतीस, त्या हिल्केचं तोंड मी जन्मात बघणार नाही.

यित्स्के: मी म्हणत होते.

डाउवे: मे महिन्यात आपलं लग्न होतं. मी मान हलवली.

यित्स्के: नुसती मान.

डाउवे: मला वाटलं, तारा काढल्या की सांगेन. तारा निघाल्या तेव्हा कोर्टात त्याचा निकाल लागला होता.

यित्स्के: तारा सहा आठवडे होत्या, डाउवे. नंतर सदतीस वर्षं मोकळंच होतं तोंड.

डाउवे: हो.

यित्स्के: मुलाच्या बाप्तिस्म्याला त्यानं चांदीचा चमचा पाठवला होता. मी पुडकं न फोडता परत धाडलं. तू होतास तिथे.

डाउवे: होतो.

यित्स्के: तुझ्या आईला पुरलं त्या दिवशी... देवा. सगळ्यांपुढे कॉफीचे कप फिरवत होते मी. त्याच्यापुढे आले आणि तबक वर उचलून पुढे गेले. त्याच्या आईच्या मयताला, डाउवे. सगळं गाव बघत होतं. त्यानं कपासाठी हात पुढे केला होता, तो तसाच खाली घेतला. आणि तू समोर बसला होतास.

डाउवे: मी जमिनीकडे बघत होतो.

यित्स्के: मला वाटायचं, भावाची लाज वाटते म्हणून बघत नाही. कीव यायची मला तुझी! रात्री पाठीवरून हात फिरवला होता मी तुझ्या.

डाउवे: आठवतंय.

यित्स्के: ती दुष्टाई माझ्या हातून करवून घेतलीस तू. तुझ्या वाटची. आणि मी मोठ्या तोऱ्यात करत राहिले. आता हे तोंड कुणाला दाखवू मी?

डाउवे: तुझं काही चुकलं नाही. तुला ठाऊक नव्हतं.

यित्स्के: तू मला सांगू नकोस माझं काय चुकलं ते! ठाऊक नसलं तरी माणसाला एक कप कॉफी देता येते... हातात काय आहे तुझ्या? किल्ली? इकडे आण.

डाउवे: तू चालवतेस?

यित्स्के: मी घरी जाते. तू उतर. स्टेशन समोर आहे, हार्लिंगनची गाडी दर अर्ध्या तासाला सुटते. आधी हिल्केकडे जा. मग बाउक्येकडे.

डाउवे: आजच?

यित्स्के: आज नाही गेलास तर उद्या मी जाईन, आणि माझ्या तोंडून ऐकताना तिला कसं वाटेल ते बघत तुला उभं करीन. उतर.

डाउवे: मग घरी येऊ ना मी?

यित्स्के: मला माहीत नाही. मला आत्ता नको विचारूस.

*

हिल्के: दार लाव, कापड उडतंय. कोण आहे?... तू? कोण गेलं?

डाउवे: कुणी नाही. सगळे बरे आहेत.

हिल्के: मग तू इथे कसा? आई गेल्यापासून पहिल्यांदा आलास. म्हणजे नऊ वर्षं. जपून, ते होडीचं शीड तुडवू नकोस, सकाळपासून शिवतोय.

डाउवे: कुठे बसू?

हिल्के: त्या दोरखंडावर बस. खुर्ची एकच आहे, तिच्यावर मी बसतो. बोल.

डाउवे: यित्स्केला कळलं.

हिल्के: काय?

डाउवे: सगळं. आज दुपारी. जबड्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो, त्यांनी जुना एक्स-रे बघितला. बरोबर इस्पितळाची चिठ्ठी होती. तीत लिहिलं होतं, चालक म्हणून.

हिल्के: चिठ्ठीत.

डाउवे: हो.

हिल्के: म्हणजे तू सांगितलं नाहीस. दातांच्या डॉक्टरणीनं सांगितलं.

डाउवे: नंतर मी सांगितलं, गाडीत. पण आधी त्यांनी.

हिल्के: आणि ती चिठ्ठी निघाली नसती तर?

डाउवे: कापड अजून उडतंय. दार नीट लावू का?

हिल्के: मी विचारतोय, डाउवे.

डाउवे: तर नसतो आलो.

हिल्के: हे बरं केलंस. मला वाटलं आता म्हणशील, बरेच दिवस मनात होतं. तसं म्हणाला असतास तर ह्या दाभणानं भोसकलं असतं तुला.

डाउवे: मनात रोज होतं.

हिल्के: माझ्याही होतं. तुझ्या मनात असून मला काय फायदा? दोन वर्षं परवाना नव्हता. परवाना मरू दे. दूध संघाच्या ट्रकवरची नोकरी ठरली होती माझी, तीही मरू दे. गावातल्या दुकानात गेलो की बायका बोलायच्या थांबायच्या. पाव मागितला की पाव द्यायच्या, गप्प. म्हणून गाव सोडलं मी. पोलिसांच्या भीतीनं नाही.

डाउवे: मला माहीत आहे.

हिल्के: नाही, तुला माहीत नाही. तू गावातच होतास, तुझ्याशी सगळे बोलत होते... तोंड का असं वाकडं करतोयस?

डाउवे: कळ येते. फार बोललो की सांधा धरतो.

हिल्के: किती वर्षं?

डाउवे: तेव्हापासून. अलीकडे वाढलंय.

हिल्के: मग गाढवा, आधी का नाही गेलास डॉक्टरकडे?

डाउवे: वाटायचं, दुखतंय तर दुखू दे. तेवढं तरी माझ्या वाट्याला असावं.

हिल्के: वा रे वा. मोठा साधूच तू. तुझा जबडा दुखून माझं काय भलं झालं? दुकानात कुणी बोलायला लागलं का माझ्याशी? तू कळा सोसल्यास म्हणून बाउक्येला पाय फुटला?

डाउवे: नाही.

हिल्के: मग ते प्रायश्चित्त वगैरे काही नव्हतं. डॉक्टर विचारील म्हणून घाबरत होतास, एवढंच.

डाउवे: एवढंच.

हिल्के: ह्या पातेल्यात वाटाण्याचं सूप आहे. चावायला नको. वाडगा तिथे आहे, घे... घे, मी काही तबक उचलून नेत नाही.

डाउवे: त्या दिवसाची यित्स्केला फार लाज वाटतेय. रडलीसुद्धा नाही, नुसती पांढरी पडली.

हिल्के: तिला सांग, तिचा राग नाही मला. बहिणीचा पाय गेला होता, तिनं काय करायचं? ती निदान जे मानत होती तसं वागली.

डाउवे: आता मी बाउक्येकडे चाललोय.

हिल्के: थांब. त्याआधी एक ऐकून जा. बाउक्ये इथे आली होती. बारा वर्षं झाली असतील. ह्या जिन्यानं वर आली, त्या पायानं, बत्तीस पायऱ्या. मी वरून ठक ठक ऐकत होतो, कोण येतंय कळेना. इथे, तू बसलायस ना, तिथेच बसली. घामानं डबडबली होती. म्हणाली, हिल्के, मी तुला माफ करायला आलेय. पंचवीस वर्षं ओझं वागवलं, आता पुरे.

डाउवे: मला हे ठाऊक नव्हतं.

हिल्के: कुणालाच ठाऊक नाही. यित्स्के चिडेल म्हणून तिनं सांगितलं नाही. आणि मी काय केलं माहितेय? मी म्हणालो, थँक यू बाउक्ये.

डाउवे: हिल्के...

हिल्के: तिची माफी मी घेतली. माझी नव्हती, तुझी होती. मला सांगता आलं असतं, इथे तिसरं कुणी नव्हतं. पण तिचा चेहरा इतका हलका झाला होता की मला ते मोडवेना. आणि तू शाळेची बस चालवत होतास. तुझी नोकरी, तुझी मुलं. मी कॉफी केली. ती प्याली आणि गेली. दर नाताळला तिचं कार्ड येतं. मी फोडतो, वाचतो आणि पालथं घालून ठेवतो. तर लाज एकट्याचीच आहे असं समजू नकोस.

डाउवे: तू माझ्याबरोबर चल.

हिल्के: नाही.

डाउवे: दोघांनी सांगू. तिला बरं वाटेल.

हिल्के: तुला बरं वाटेल. मी तिथे असलो की तू माझ्या तोंडाकडे बघत बसशील, हा काय बोलतो म्हणून. मागच्या वेळी मी बोललो होतो. आता तू बोल.

डाउवे: आणि ती माफीची गोष्ट?

हिल्के: तीही सांग. म्हणावं, हिल्केला सगळं ठाऊक असून त्यानं ती घेतली. काही झाकू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही.

डाउवे: बरं.

हिल्के: सूप संपव आधी. सहाची गाडी मिळेल तुला.

*

बाउक्ये: ये, दार उघडंच आहे. एकटाच? यित्स्के?

डाउवे: घरी आहे.

बाउक्ये: तिचा फोन आला होता. म्हणाली, डाउवे येईल, त्याला घरात घे. घरात घे म्हणजे काय? मी काय तुला दारातून घालवते? आणि पुढे बोलेचना, नुसती रडत राहिली. डॉक्टर काय म्हणाली? तसला काही वाईट आजार तर नाही ना?

डाउवे: नाही. सांध्याचं आहे. पट्टी देणार आहेत दातांवर घालायला.

बाउक्ये: बस्स? मग एवढं रडायला काय झालं? कोट काढ, बस. माझा पाय सकाळपासून घासतोय, मी काढून ठेवते. तू बघ खिडकीबाहेर, नेहमी बघतोस तसा.

डाउवे: नेहमी बघतो मी?

बाउक्ये: मी पाय काढायला लागले की तू मान वळवतोस. मुलंसुद्धा वळवत नाहीत आता. मला वाटतं, हळवा आहेस. यित्स्केलाही म्हटलं मी एकदा, तुझा नवरा फार हळवा आहे गं.

डाउवे: आज नाही वळवणार.

बाउक्ये: नको वळवूस. हा पट्टा तेवढा धर... हं, झालं. आता सांग, काय आहे? दारात आलास तेव्हाच तुझा चेहरा पाहिला मी.

डाउवे: बाउक्ये, मध्ये थांबवू नकोस. थांबवलंस तर मला जमणार नाही.

बाउक्ये: नाही थांबवत.

डाउवे: तुला गाडीनं उडवलं त्या दिवशी हिल्के चालवत नव्हता. मी चालवत होतो. दारू प्यालो होतो. हिल्के किल्ली मागत होता, मी दिली नाही. पोलिसानं विचारलं तेव्हा मी खोटी मान हलवली, आणि नंतर कधीच काही बोललो नाही. हिल्केनं काही केलेलं नाही. त्यानंच तुला पाण्यातून काढलं.

बाउक्ये: पुढे बोल.

डाउवे: तू त्याला माफ करायला गेली होतीस, ते त्यानं सांगितलं मला आज. त्यालाही लाज वाटते. म्हणाला, ते झाकू नकोस. ठाऊक असून त्यानं तुझी माफी घेतली.

बाउक्ये: हिल्के कुठे बसला होता?

डाउवे: शेजारी.

बाउक्ये: मला गाडी आठवते. आत कोण होतं ते नाही आठवत. किती वर्षं आठवायचा प्रयत्न केला मी. काचेवर नुसतं आभाळ दिसायचं... दर रविवारी तू मला चर्चला नेतोस.

डाउवे: हो.

बाउक्ये: हात धरून पायऱ्या उतरवतोस.

डाउवे: हो.

बाउक्ये: मी सगळ्यांना सांगते, सख्खा भाऊ करणार नाही एवढं.

डाउवे: मी जातो बाउक्ये. तुला एकटीला राहायचं असेल.

बाउक्ये: उठू नकोस.

डाउवे: तू म्हणशील तसं. पोलिसांकडे जायचं तर जाऊ. यित्स्केनं घरात घेतलं नाही तर मी...

बाउक्ये: पोलीस नको, यित्स्के नको. तू आत्ता चार वाक्यांत सांगितलंस. माझा पाय चार वाक्यांत नाही गेला. सकाळपासून सांग. स्केटिंगला कधी निघालात, काय बोलत होतात, मी रस्त्यावर दिसले तेव्हा तुला काय वाटलं.

डाउवे: सांगतो. जरा... जबड्यात कळ येतेय.

बाउक्ये: मग थांबत थांबत सांग. पण सगळं सांग.